साडेसात मीटरवर

नाझेच्या संघकचेरीत, उत्तरेच्या खिडकीखाली
एकतीस वर्षं मी रेशीम तपासलं.
बारा मीटरचा तागा टेबलावर ओढायचा,
भिंग लावायचं, चूक शोधायची.
चूक सापडेपर्यंत मी गप्प असे.
सापडल्यावरही.

आमच्या बेटावर कापड दोनदा विणतात.
आधी पुरुष, दांडग्या मागावर,
सुती दोऱ्याने रेशीम इतकं आवळतात
की आवळल्या जागी रंगाला शिरकाव नाही.
मग रंगवायचं. मग सगळं उसवायचं.
मग बायका बसतात तोच धागा पुन्हा विणायला,
सुईच्या टोकाने
ठिपक्याशेजारी ठिपका आणत,
हाबू सापाच्या पाठीवरची नक्षी जुळेपर्यंत.
दिवसाकाठी वीतभर कापड.
पाहुणे आले तर तेवढंही नाही.

अतारी योशिमासुचं चिखलाचं शेत दरीत होतं.
तेचिगीच्या ढलप्या तो दिवसरात्र शिजवी,
जुन्या विटेच्या रंगाचा काढा होई.
वीसदा काढ्यात, एकदा चिखलात,
पुन्हा वीसदा, पुन्हा चिखल.
गाळातलं लोखंड झाडाचा तुरटपणा धरून ठेवतं
आणि काळा उतरतो.
शाईचा नव्हे.
डोळे मिटल्यावर आत असतो तो, किंचित तांबूस.
गाळ थकला की सोतेत्सुच्या झावळ्या तोडून
तो त्यात तुडवायचा,
म्हणायचा, "जेवू घातलं."
लग्नाच्या फोटोतही त्याची नखं काळी आहेत.

बायको किनुए विणायची.
माझ्या नोंदवहीत त्यांचे तागे एकाखाली एक,
शेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द: निर्दोष.

मार्च महिन्यात तो गेला,
कमरेएवढ्या गाळात, ओल्या लडी खांद्यावर असताना.
आडव्या धाग्याच्या निम्म्या लडी रंगवून झाल्या होत्या.
उरलेल्या घेऊन ती स्वतः उतरली.
गाळ तोच, झाड तेच, वेळाही त्याच मोजलेल्या.
हात दुसरे.

पावसाळा सरता सरता तागा माझ्या टेबलावर आला.
नक्षीत चूक नव्हती. कडा सरळ.
साडेसात मीटरवर काळा बदलत होता,
केसभर, तांब्याकडून निळ्याकडे.
मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं.
खिडकीचा पडदा सारला, पुन्हा पाहिलं.
नापासचा शिक्का जरा जोरातच बसला.

"कुठे?" तिने विचारलं.
मी मीटर सांगायच्या आत
नजर माझ्यावरच ठेवून
तिने तिथे बोट टेकवलं.
मग ताग्याची घडी घातली,
छत्री घ्यायला विसरली, परत आली, घेऊन गेली.

नापास कापड विकता येत नाही.

निवृत्तीनंतरच्या ऑगस्टात
शाळेच्या पटांगणात नाच होता.
फेराबाहेर, बल्बखाली, ती उभी,
अंगात तोच तागा.
कसा बेतला होता!
उजवं अंग त्याच्या काळ्याचं, डावं तिच्या,
आणि दोन्ही भेटत होते
पाठीच्या मधल्या शिवणीवर.

"गावात कुणाला कळत नाही," ती म्हणाली,
"दोन आहेत ते."
आणि पाठ वळवून:
"मला मागचं दिसत नाही. शिवण सरळ आहे का, बघा."

भिंग घरी होतं. लागलं नाही.
मानेखाली वीतभर अंतरावर
एक टाका सरकला होता, डावीकडे.
"सरळ आहे," मी म्हणालो.

ढोल सुरू झाला.
ती फेरात शिरली, आणि काळोखाच्या बाजूला गेली की
मला तिचे फक्त पांढरे मोजे दिसत,
पुन्हा बल्बखाली आली की
सगळं.