पूर्ण थांबायचं नाही

घर त्याला गेलं, गाडी मला.
वकील म्हणाला, हिशेब सारखाच आहे.
काळी, लांब, जर्मन, अकरा वर्षांची,
सीटा आतून गरम होणारी,
आणि मी डलूथच्या एका बेकरीत
पहाटे तीनला पाव मळणारी बाई.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा असा:
पुढच्या दोन चाकांचे पॅड आणि रोटर,
शोरूमवाल्याने सांगितले अकराशे चाळीस डॉलर,
वर बाटलीभर पाणी फुकट.

या गावातले रस्ते सरळ सरोवरात उतरतात.
ब्रेक ही इथे चैन नाही.

म्हणून एप्रिलचा रविवार. भाड्याचं गॅरेज,
दाराशी अजून काळपट बर्फाचा ढीग,
आणि शेजारचा टाउनो निएमी, वय एक्क्याऐंशी,
जन्म खनिजाच्या धक्क्यावर गेलेला.
खुर्ची टाकून बसला. गुडघे वाकत नाहीत,
मी फक्त बघणार, म्हणाला.
"मार्लिस, नट आधी ढिले कर, जॅक मग."
तेवढंच बोलला.
गाडी स्टँडवर टेकल्यावर मात्र उठला,
दोन्ही हातांनी तिला एक रेटा देऊन पाहिला,
पुन्हा बसला.

उजवीकडचं सोपं गेलं.
डावीकडचं चाक काढलं, तर बाहेरचा पॅड
चांगला जाडजूड.
हा तर अजून दोन वर्षं ओढेल, मी म्हटलं.
"आतला बघ."
कॅलिपर तारेने वर टांगला
(नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो)
आणि आतला हातात आला:
मसाला संपलेला, नुसता पत्रा,
लोखंडावर लोखंड.
एक पिन गंजून अडकली होती कधीची.
सगळा भार हा एकटाच घेत होता,
बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.
टाउनो काही बोलला नाही.
मी दोघांना कॉफी ओतली.

रोटर निघेना. अकरा हिवाळ्यांचं मीठ.
फवारा मारला, वाट पाहिली, हातोडा उचलला.
वाटलं होतं, घाव घालताना क्लिंट आठवेल.
नाही आठवला. आठवलं ते
बेकरीतल्या भट्टीच्या दाराचं बिजागर,
मंगळवारी बघायचं राहिलेलं.
कितव्या घावाला कोण जाणे, रोटर सुटला,
माझ्या पायापासून वीतभरावर पडला
आणि बराच वेळ वाजत राहिला.

पिस्टन क्लॅम्पने मागे दाबायचा, पण सावकाश.
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.
घाई केलेली कणीक कशी रागावते ते हातांना ठाऊक आहे.

सगळं बसवलं. पेडलवर पाय ठेवला,
तो थेट तळाला गेला.
काळजात धस्स.
"दाबत राहा," खुर्चीतून आवाज. "गाडी हलवायच्या आधी."
दुसऱ्यांदा पोकळ. तिसऱ्यांदा थोडा.
चौथ्या वेळी खालून
पायाला कुणीतरी उत्तर दिलं.

नवे पॅड मुरवावे लागतात.
पन्नासच्या वेगावरून दहावर, आठ वेळा,
आणि तापलेले असताना पूर्ण थांबायचं नाही.
थांबलात, तर त्यांचा ठसा रोटरवर उमटतो
आणि पुढे प्रत्येक उताराला पाय थरथरतो.

सरोवराकाठचा रस्ता मोकळा होता.
सहाव्या खेपेला आमचं घर आलं. त्याचं घर.
तो अंगणात शिडी धरून उभा.
गाडी ओळखली, हात वर केला.
थांब, असा की
ठीक आहेस ना, असा,
मला कळलं नाही.
त्याच्यासमोर काटा दहावर आला होता.
जळक्या पॅडचा वास आत येत होता.
मी पुन्हा पन्नास गाठले.

परतले, तर टाउनो गॅरेजच्या दारात उभा,
तळहात पुढे केलेला.
त्यावर एक बारकी स्प्रिंग-क्लिप, कोरी.
"ही कुठली?"
हत्ती गेला, शेपूट राहिलं.
मी जॅक ओढू लागले.
"आधी थंड होऊ दे," तो म्हणाला,
आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली.