छावणी, बीट नंबर सात

माझे वडील, शांतवन पगारे,
इंदूरच्या छावणीत सत्तावीस वर्षं पोस्टमन होते.
देवदूतांविषयी मला जे काही ठाऊक आहे
ते त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून कळलेलं.

पंखबिंख काही नाही.
पंख कॅलेंडरावर, नाताळच्या पुठ्ठ्यावर.
दूत म्हणजे दूत, ते म्हणत,
ज्याला धाडलंय तो.
त्याला पाकीट फोडता येत नाही,
मजकूर बदलता येत नाही,
आणि कुणी चहाला बसवलं
तरी पिशवी मांडीवरून खाली ठेवता येत नाही.

नवलख्यात एका म्हातारीनं
पोराची खुशाली आणली म्हणून त्यांचे पाय धरले.
वडील असे मागे सरले
की सायकल गटारात.
"उठा मावशी, मीही पगारी चाकर.
ज्यानं लिहिलं त्याला हात जोडा."
रात्री भाकरी मोडताना म्हणाले,
शास्त्रातला दूतही असाच.
कुणी नमन करू लागलं की घाबरतो बिचारा.

मग आईचं पोट दुखायला लागलं.
मिशनचा दवाखाना, खाट बारा, खिडकीशी.
वडील पहाटे चारला गुडघ्यांवर.
मला मागून फक्त त्यांचे तळवे दिसत,
भेगांमध्ये छावणीची धूळ.

पोचली का, मी विचारलं. नऊ वर्षांचा होतो.
ते म्हणाले, एका बंदिवानाची प्रार्थना
पहिल्याच दिवशी वर ऐकली गेली होती,
पण उत्तर घेऊन निघालेला दूत
परक्या मुलखाच्या नाक्यावर अडकला.
एकवीस दिवस.
झटापट झाली म्हणे तिथे.
"टपाल निघालेलं असतं रे.
रस्ता वाईट असतो."

मी पाटीवर रेघा मारू लागलो.
रतलामची गाडी उशिरा आली
की वाटायचं, हाच तो नाका.

एकोणिसाव्या रेघेला आई गेली.

पाटी मी पुसली नाही.
वीस.
एकवीस.
बाविसाव्या दिवशी वडिलांनी साखळीला तेल दिलं,
खाकी चढवली, दंडावर काळी फीत,
आणि मला दांडीवर बसवून बीटवर निघाले.
दोघंही गप्प.

खान नदीच्या काठच्या झोपड्यांत
सेसिलिया कटारा राहायची, झाबुव्याची भिलीण,
कॅथलिक, मेणबत्त्या लावणारी,
आपल्या राखणदार दूताशी उघड उघड बोलणारी,
शेजारच्या पोराला हाक मारावी तशी.
आमच्या पाळकांना ते चालत नसे. वडिलांनाही.
अर्ज मालकाकडे करावा, शिपायाकडे नव्हे.
तिच्या नवऱ्याची मनीऑर्डर
सुरतेहून दीड महिना आली नव्हती.
आज आली. साठ रुपये.
वडिलांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली,
नोटा दोनदा मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"उशीर झाला," म्हणाले,
आणि आवाज मध्येच फाटला.
"फार उशीर झाला, बाई."
ती नोटांकडे बघत नव्हती.
फीत दिसली असावी तिला,
किंवा वाढलेली दाढी.
"पण तू आयो तो सही," ती म्हणाली,
आणि मडक्यातलं पाणी आणायला आत गेली.

त्या दिवशी पहिल्यांदा
वडिलांनी पिशवी खाली ठेवली.

आता मी त्यांच्याहून म्हातारा.
तो दूत कुठे राहिला,
की आमच्या दाराशी येऊन कुलूप बघून परतला,
आम्ही सगळे दफनभूमीत असताना,
ते मला कुणी सांगितलेलं नाही.
मी विचारतो अधूनमधून.

वडिलांच्या पोटरीवर चार खुणा होत्या,
संयोगितागंजातल्या एका पाळीव कुत्र्याच्या दातांच्या.
प्रार्थना संपत आली
की आमेन म्हणण्याआधी मी उठतो,
फाटकाची कडी काढलेली आहे ना,
शेरू बांधलेला आहे ना,
बघून येतो.