आठ हजार ऐंशी

दोन आठवडे उत्तर समुद्रात, दोन एम्डेनला.
पवनचक्क्यांचे बोल्ट आवळते मी,
पाण्यापासून नव्वद मीटर वर,
जिथून समुद्र नुसता राखाडी पत्रा दिसतो.
खरा समुद्र घरी आहे, दिवाणखान्यात,
तीनशे लिटर, कोमट :
पोवळी, दोन मासे,
आणि टॉमके नावाची रुसकी कोळंबी.
गेल्या सुट्टीत त्याला इंटरनेटवर बसवलं.

आधी कंट्रोलरला घरातला पक्का पत्ता दिला,
शेवटी पन्नास. त्याने तो मुकाट घेतला.
मग राउटरला समजावलं : बाहेरून कुणी
आठ हजार ऐंशीवर टकटक केली
तर पन्नासकडे पाठव.
बाबा पाठीशी उभे. बत्तीस वर्षं
बंदराच्या मोठ्या पाणदरवाजावर होते,
जहाज आत घ्यायचं, पाणी समान करायचं, सोडायचं,
वहीत नाव, वेळ, खाली सही : ओनो यान्सेन.
म्हणाले, "म्हणजे दरवान. वही कोण लिहितं?"
म्हटलं, लॉग असतो.
"आणि कुलूप?"
पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता.
बाबांकडे न बघता बदलला.

तरी पहाटे चारला कंपनी लाइन तोडते, जोडते,
आणि घराचा बाहेरचा पत्ता पालटतो.
रोज उठावं तर आपण नव्या गल्लीत,
एक खुर्चीही न हलवता.
म्हणून एक नाव घ्यायचं, फुकट मिळतं,
पत्ता कुठेही जावो, नाव मागोमाग धावतं.
बाबांनी आईचं सुचवलं. गेशे.
कुणीतरी आधीच घेतलेलं होतं.
गेशे-दोन मिळत होतं.
"दोन नको," म्हणाले,
आणि चहा ठेवायला आत गेले.
मी टॉमके टाइप केलं.

आता पाळी संपली की जहाजावरच्या बंकमध्ये
ओल्या केसांनी फोन उघडते.
पंचवीस पूर्णांक चार. पंप चालू. हीटर बंद.
कॅमेरा लावलेला नाही.
आकडे बघते, मनगट धरून नाडी बघावी तसे.

किल्ली बाबांकडे.
संध्याकाळी चिमूटभर खाणं टाकायचं, निघायचं.
"दोन मिनिटं," फोनवर सांगतात,
"मासे मला तळलेलेच आवडतात."

पण पीएचची रेघ.
साडेसातला आठ पूर्णांक दोनवरून उतरायला लागते,
वर दिवे लख्ख असताना, काही कारण नसताना,
साडेदहापर्यंत आठवर टेकते.
बंद खोलीत कुणी श्वास सोडत बसलं
की तो पाण्यात विरघळतो,
पाणी कणभर आंबट होतं. एवढंच.
तीन तास.
कपात खडीसाखर तडकत असेल,
साय न ढवळता तिसरा कप होत असेल,
आईची खुर्ची भिंतीकडून काचेकडे वळवली असेल.
मी विचारलं नाही.
जे वहीत दिसतं ते दरवान बोलून दाखवत नाही,
हे त्यांच्याकडूनच शिकले.

नवव्या दिवशी रेघ सरळ.
साडेसात. आठ. सव्वाआठ.
इथून मी हीटर लावू शकते,
दिवे मंद करू शकते, पंप थांबवून पुन्हा सुरू करू शकते.
सगळी बटणं हिरवी, हाताशी,
आणि एकही त्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

घरचा फोन लावला. सहा वेळा वाजला.
"काय गं?"
"कुठे आहात?"
"इथेच. खिडकी उघडली जरा, फार कोंदट होतं तुझ्याकडे."
"दोन मिनिटांत कोंदट होतं, बाबा?"
मागे पंपाची घरघर. चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज.
"पाणी समान व्हायला वेळ लागतो,"
बऱ्याच वेळाने म्हणाले.
मग खिडकीची कडी लागली.

पावणेनऊ.
आठ पूर्णांक एक नऊ.