रकाना सात

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी
मी हॉलबर्ट म्युच्युअलची माणसं मोजते.
कॅन्सस सिटी, मिसुरीच्या बाजूची.
गळ्यात पालिकेचं ओळखपत्र, बुटांना रस्त्यावरचं मीठ,
हातात तोच अर्ज :
रकाना सहा, नव्या नोकऱ्या. तिथे कायम शून्य.
रकाना सात, राखलेल्या.

राखलेल्या.
कराराच्या इंग्रजीत हा शब्द कोरडा आहे.
माझ्या डोक्यात तो मराठीत उतरतो
आणि सगळा गोतावळा घेऊन येतो :
राखण, राखणदार, राखीव कुरण,
आणि शेवटी, न बोलावता, राख.

अकरा वर्षांपूर्वी ही कंपनी
स्टेट लाइन रस्त्याच्या पलीकडे होती.
पलीकडे म्हणजे कॅन्सस. सव्वा मैल.
सिग्नल हिरवे मिळाले तर चार मिनिटं.
तिकडून अडीच ओळींचं पत्र आलं,
'आम्ही इतर पर्याय तपासत आहोत',
आणि दिवाळसणाला रुसलेल्या जावयापुढे ठेवावेत
तसे आम्ही ताटाशेजारी
दोन कोटी वीस लाख डॉलर ठेवले.
वर मालमत्ता कर वीस वर्षं माफ.
वर पार्किंगची इमारत.

चारशे बारा जणांनी
आपापल्या कुंड्या मांडीवर घेऊन रस्ता ओलांडला.
त्या दिवशी कॅन्ससनं लिहिलं, चारशे बारा गेल्या.
आम्ही लिहिलं, चारशे बारा आल्या.
तीच माणसं. तेच डबे.
मायक्रोवेव्हसमोर उभं राहून
आकडे उलटे मोजायची तीच सवय.

यंदा दुपारपर्यंत माझी मोजणी एकशे सदतीस.
'बाकीचे घरून,' लिंडक्विस्ट म्हणाला, 'लॉगिन मोजा.'
पुरवणी कलम नऊ तशी मुभा देतं.
मी पत्ते मागितले. त्यानं दिले, हसत.
ओव्हरलँड पार्क, लेनेक्सा, प्रेअरी व्हिलेज.
घरून म्हणजे कॅन्ससमधून.
नोकऱ्या परत गेल्या होत्या, एकेक करून,
स्लिपर घालून,
आणि आम्ही अजून त्यांचं भाडं भरत होतो.

बाराव्या मजल्यावर, खिडकीच्या रांगेत,
एका खुर्चीच्या पाठीवर निळं कार्डिगन.
बाह्या खाली सोडलेल्या, खांदे सरळ.
शेताला बुजगावणं असतं ना, तसं.
पण बुजगावण्याला तरी पाखरांचं काम असतं.
इथे कोण येणार? मीच.

कॉन्सुएलो बारागान संध्याकाळी पाचला येते.
तिची बस रेषेशी वळून मागे जाते,
उरलेलं ती चालते, बर्फ असो नसो.
ती ठेकेदाराची, म्हणून कुठल्याच रकान्यात नाही.
'मार्चपासून असंच आहे,' कार्डिगन दाखवत ती म्हणाली,
'खिशात पेपरमिंटच्या गोळ्या आहेत.
मी रोज काढते, खुर्ची पुसते, परत घालते.
आली तर तिला शोधावं लागू नये.'

मी काही बोलले नाही.
माझा पगार या करारांच्या अर्ध्या टक्क्यातून येतो.
हे मी एरवी कुणाला सांगत नाही.

घरी लेकीच्या शाळेची चिठ्ठी :
ग्रंथपाल मिसेस ओडेगार्ड आता
सोमवार-बुधवार इथे, बाकी दिवस दुसऱ्या शाळेत.
'म्हणजे अर्ध्याच?' लेकीनं विचारलं.
अर्ध्याच.
त्यांनी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं
की त्या इतर पर्याय तपासत आहेत.

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
रकाना सातमध्ये मी पेन्सिलीनं एकशे सदतीस लिहिलं,
मग त्या खुर्चीचं काय करावं ते कळेना.
टेबलावर हॉलबर्टचं नवं पाकीट आहे, पातळ.
उजेडाकडे धरलं तर आतल्या ओळी मोजता येतात.
अडीच.