अकरावी खार

आज पुन्हा खार.
बद्रीने काचेपलीकडून अंगठा वर केला,
मी घशाला कोमट पाण्याची लाच दिली,
आणि पडद्यावर ती आली:
बशीएवढे डोळे, डावी भुवई वर,
इवल्याशा पंजात एक अक्रोड,
रंगवणाऱ्याने कधी फोडून न पाहिलेला.

तिबिलिसीतल्या या तळघरात,
बेकरीच्या भट्टीला पाठ लावून उभ्या भिंतीआड,
एकोणीस वर्षं मी नायकाचा मित्र आहे.
नायक कधीच नाही.
नायक सिंह असतो, कोल्हा असतो,
एकदा तर एक पाय आखूड असलेलं हरीण होतं;
मी त्याच्या खांद्यावर बसून बडबडते.
मुंगूस झाले, बेडूक दोनदा,
एक पडसं झालेला खेकडा,
आणि खारी. ही धरून अकरा.

कुणी केला हा चित्रपट, ठाऊक नाही.
कागदावर चार देशांची नावं आहेत
आणि जंगल चौघांपैकी कुणाचंच नाही.
झाडांची पानं गळत नाहीत.
कुणाच्या शेणाला माश्या नाहीत, मुळात शेणच नाही.
पाऊस येतो तोही
कुणी रडायला बसलं की.

बाविसाव्या मिनिटाला आई हरवणार.
चाळिसाव्याला मी नको ते खाऊन ढेकर देणार.
एकसष्टाव्याला नायक म्हणणार, मला एकटं सोडा,
मी कान पाडून निघून जाणार,
आणि चार मिनिटांत परत.
इतक्या वेळात तर आमच्या गल्लीत
पाव घेऊनही कुणी परतत नाही.

लाल दिवा लागायच्या आधीच
मी वाक्य म्हणून मोकळी झाले:
"आपण सगळे मिळून काहीही करू शकतो!"
"लामारा," बद्री हसला, "अजून चित्र सुरू व्हायचंय."
चित्र सुरू झालं.
ओठ अगदी जुळले.
मग दोघांपैकी कुणी हसलं नाही.

फेब्रुवारीतल्या शनिवारी
नाद्झालादेवीच्या जुन्या थिएटरात
गेगाला घेऊन गेले. सहा वर्षांचा आहे.
त्याच्या हातात चुरचखेला,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ;
खार पडद्यावर धडपडत होती
आणि तो मन लावून दोऱ्यातून
एकेक अक्रोड ओढून काढत होता.
मागच्या रांगेत कुणाची तरी मोज्यांवरून मारामारी.
पुढे एक मुलगी खुर्चीवर उलटी बसून
आम्हालाच बघत होती, आम्ही बरे वाटत असू.
माझी ढेकर आली आणि गेली.
एक माणूस खोकला, तेवढंच.

मग बाजूच्या दारातून,
दारवान सिगरेट ओढायला गेला होता तिथून,
एक कुत्रा आत आला.
रस्त्यावरचा, कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला,
पाठीवर बर्फ.
पहिल्या रांगेसमोर थांबून त्याने अंग झाडलं.
पोरं किंचाळली.
त्याच्या कानांची सावली नेमकी
सिंहाच्या हनुवटीवर पडली,
सिंह तेव्हा धैर्यावर बोलत होता.
कुत्र्याने वर पाहिलं, जांभई दिली,
लांबलचक, जीभ वळवून, शेवटी कुईं करून,
आणि बसून मांडी खाजवू लागला.

गेगा हसला, पोट धरून,
तोंडातला अक्रोड माझ्या कोटावर.
सगळं थिएटर हसलं. मीही.
दारवानाने कुत्र्याला हाकललं,
तेव्हा आई सापडत होती, व्हायोलिनं वाजत होती,
आणि पोरांच्या माना
दाराकडे वळलेल्या होत्या.

ट्रॉलीबसच्या थांब्यावर गेगाने विचारलं,
"बेबो, कुत्र्याचा आवाज कुणी काढला?"
"कुत्र्यानेच."
"आणि खारीचा?"
मी त्याची टोपी कानांवर ओढली.

सोमवारी बदक होतं.
सतराव्या मिनिटाला त्याला जांभई येते,
तर मी दिली: लांबलचक, जीभ वळवून,
शेवटी कुईं.
बद्रीने टेप मागे घेतली.
"छान होती," तो म्हणाला, "पण बदकाची चोच
कधीच मिटली गं.
पुन्हा घेऊ."