अकरा वर, आठ उजवीकडे

सकाळी सव्वासहाला हिंगण्याच्या पुढच्या रेंजवर
वाळूची पोती अजून गार असतात.
नागपूरच्या एप्रिलात हीच एक वेळ.
नऊनंतर मातीच्या बांधावरची हवा उकळू लागते
आणि टार्गेट नाल्यात पडलेल्या चपलेसारखं डुलतं.

पराते हवालदार आधी बोल्ट काढायला लावतात.
"नळीतून पाह्य. काचेतून मंग."
मी मागून डोळा लावते:
नळीच्या पोटात वळत गेलेले आटे, तेलाचा वास,
आणि पार तिकडच्या टोकाला
रुपयाएवढा उजेड, उजेडात काळा ठिपका.
रायफल हलवायची नाही, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा,
आणि वरच्या दुर्बिणीतली फुली
फिरवत फिरवत त्याच ठिपक्यावर आणायची.
नळी जे बघते तेच काचेनं बघायला हवं.
एवढंच तर असतं, आणि होता होत नाही.

फुलीला ते फुली म्हणत नाहीत.
तांडापेठेतल्या कोष्ट्याचा मुलगा,
त्यांच्या लेखी तो उभा ताणा, आडवा बाणा.
"बाणा सरळ नाही, उइके. खांदा पाह्य तुझा."
वडलांच्या मागावर म्हणे एक धागा तुटला
तर ते नखानं चाचपून सांगत, कुठल्या वितीत.
दिवा न लावता.

तीन गोळ्या.
तिसरीनंतर पाहिलं आणि माझं तोंड उतरलं:
तिन्ही भोकं खाली, डावीकडे,
पण एका बांगडीत मावतील इतकी जवळ.
"चुकली तं चुकली. एकाच जागी चुकली ना?
मंग काहून रडून राहिली?
दहा जागी चुकणाऱ्याचं मी काय करू?"

एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर सात मिलिमीटर.
ते म्हणतात, हरभऱ्याचा दाणा.
अकरा दाणे वर, आठ दाणे उजवीकडे.
टोपण काढलं तर आतल्या चकतीवर
फिकट गुलाबी नेलपॉलिशची एक रेघ,
त्यांची मुलगी नववीत असताना तिच्याच बाटलीतून ओढलेली.
चौदा वर्षं ही रायफल त्यांच्या गालाला होती.
ती रेघ म्हणजे त्यांचा डोळा, त्यांची मान,
श्वास सोडून थांबायची त्यांची जागा.

टक्. टक्.
बोटाला आधी कळतो, मग कानाला.
चार, पाच.
दर दाण्याला मी त्यांना थोडं बाजूला सारत होते
आणि ते शेजारी उकिडवे बसून मोठ्यानं मोजत होते
पोरीकडून पाढे म्हणून घ्यावेत तसे,
नऊ, दहा,
आवाज न हलवता.

पुन्हा तीन.

आजवर गोळी मी झाडायचे, आणि कुठं लागली
ते मला दिसायच्या आधी ते सांगायचे.
आज मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून ते बराच वेळ थांबले.
मग डावा लावला. मग परत उजवा.
काच रुमालानं पुसली. काच स्वच्छच होती.
मग, तिसरीकडेच बघत:
"कुठं लागली व?"

मधात, मी म्हटलं.
"तिन्ही?"
तिन्ही.
थोड्या वेळानं, लपवलं तर हाकलतील म्हणून,
तेही सांगितलं: तिसरी दाणाभर उजवीकडे आहे.
ते हसले. "वारा होता तो.
एका गोळीच्या भरवशावर चकती फिरवू नये."

खिशातून चष्म्याचा बारका पेचकस काढला,
चकती सैल केली, माझ्याकडून आकडा शून्यावर आणवला.
"आता हे तुझं झीरो."

रेघ खरवडू का, मी विचारलं.

ऊन बांधावर आलं होतं,
टार्गेट डुलायला लागलं होतं.
ते गुडघ्यांवर बसून
रिकामी पितळं एकेक गोळा करत होते,
बघून नाही,
बोटांनी.