खिळा

कुतायसीत, नोदारच्या बेकरीत
तिसऱ्यांदा फ्यूज उडाला
तेव्हा त्यानं तिथं खिळा ठोकून बसवला.
खिळा उडत नाही.

हिवाळाभर खाचापुरी निघत राहिली.
भिंतीतली वायर मात्र
आतल्या आत तापत गेली, न बोलता.

त्सियाला आली. मीटरपाशी नाक नेलं,
मेन स्विच खाली ओढला,
खिळा उपसून त्याच्या तळहातावर ठेवला:
अजून कोमट.

मग चिनीमातीच्या खाचेत
वायरीला झेपेल तेवढीच तार ताणली.
"एवढीशी?"
"एवढीशीच. हिला सोसत नाही,
म्हणून तर ठेवायची."

संध्याकाळी त्यानं दोन्ही भट्ट्या एकदम लावल्या
आणि गुडूप अंधार.
शिवी ओठांवर आली होती.
चाचपडत त्यानं भिंतीला हात लावला.

गार.